सात वाजून दहा मिनिटांचा भूकंप

यंत्रावर चढण्याआधी ओब्दुलियाबाईंनी वरची कवळी काढून पेल्यातल्या पाण्यात ठेवली. पहिल्या दिवशी हे सुचलं नव्हतं, आणि तोंडातल्या तोंडात असा काही ताशा वाजला होता की त्या स्वतःच दचकल्या होत्या. मग त्यांनी पडदा ओढला, दाराची कडी पुन्हा पाहिली, कपाटाची मूठ घट्ट धरली आणि अंगठ्यानं बटण दाबलं. पायाखालचा पाट थरथरू लागला. पोटऱ्या हादरल्या, गाल हादरले, भिंतीवरच्या फोटोतला नवरासुद्धा हलताना दिसायला लागला. हयातीत तो सकाळी सातला कधी इतका हलला नव्हता.

हे यंत्र घरात आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊन चालणारही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरच्या चायोनं, म्हणजे इमारतीचं दार आणि इमारतीतल्या बातम्या दोन्ही सांभाळणाऱ्या बाईनं, टीव्हीवर असलंच यंत्र पाहून ते घ्यायचं मनात आणलं होतं. तेव्हा ओब्दुलियाबाईंनी भर जिन्यात तिची टर उडवली. "अगं, नुसतं उभं राहून हादरल्यानं माणूस बारीक झाला असता, तर मिनीबसनं दीड-दीड तास कामाला जाणारं हे अख्खं मेक्सिको शहर काडीसारखं झालं असतं!" सगळा जिना हसला. चायोनं यंत्र घेतलं नाही.

आणि आता डॉक्टरनं 'हाडं ठिसूळ होताहेत, रोज जिने चढा-उतरा' असं बजावल्यावर बाईंनी जिने टाळायला नेमकं तेच मागवलं होतं. खोकं वर नेताना चायोनं विचारलंच. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "शिलाई मशीन." चायोनं दुसऱ्याच दिवशी दोन परकर शिवायला आणून दिले. त्यातला दुसरा बाई अजून हातानं शिवत होत्या.

दहा मिनिटं झाली. यंत्र तीनदा पीं पीं पीं वाजून थांबलं, आणि लगेच खालच्या मजल्यावर धाडकन दार उघडलं.

"भूकंप! भूकंप! खाली चला!"

ओब्दुलियाबाईंनी कवळी बसवली, निळी शाल घेतली, आरशात पाहून ओठांवरून लिपस्टिकचा एक हात फिरवला आणि तीन जिने उतरायला लागल्या.

हे दीड महिना असंच चाललं होतं. ओरडणारे ते फेर्मीन मास्तर. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, विधुर, दुसऱ्या मजल्यावर बाईंच्या बरोबर खाली राहणारे. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काचेच्या लोलकांचा दिवा होता, आणि या शहरात जमीन हलते की डोकं गरगरतं हे ठरवायला सगळे आधी दिव्याकडेच बघतात. पहिल्या दिवशी मास्तर ओरडले तेव्हा रात्रीच्या कपड्यांनिशी अख्खी इमारत रस्त्यावर आली. रस्त्यातल्या खांबावरचा भूकंपाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला नव्हता, पण बारक्या धक्क्यांना तो वाजत नाही हे सगळ्यांना माहीत. शिवाय पंच्याऐंशी सालचा तो मोठा भूकंपही सकाळी सातनंतरच आला होता, त्यामुळे मास्तरांना कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्धीच इमारत उतरली. चौथ्या दिवसापासून मास्तर, त्यांच्या हातातल्या पिंजऱ्यातला जनरल नावाचा कॅनरी पक्षी, आणि ओब्दुलियाबाई, एवढेच.

बाई उतरायच्या त्या लाजेनं. ज्याचा दिवा आपल्यापायी हलतो, त्याला बिचाऱ्याला एकट्याला फुटपाथवर उभं करायचं? इतकं काळीज दगडाचं नव्हतं त्यांचं. खरं सांगायचं एवढंच धाडस नव्हतं.

त्या दिवशीही मास्तर कोपऱ्यावर उभे होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. पिंजरा भिंतीच्या कठड्यावर. तामालवाल्या बाईनं न विचारताच पावात घातलेले दोन हिरवे तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले उंडे, आणि मक्याच्या गोड पेजेचे, आतोलेचे, दोन वाफाळते पेले पुढे केले.

"आज किती, मास्तर?"

"तीन पॉइंट दोन."

"कालच्यापेक्षा कमी आहे मग," ओब्दुलियाबाई म्हणाल्या.

"हो, पण जास्त वेळ चालला. चांगला दोन मिनिटं जास्त."

बाईंना ठसका लागला. आदल्या दिवशीपर्यंत त्या आठच मिनिटं उभ्या राहत होत्या. मास्तरांनी त्यांचा पेला धरला आणि ठसका थांबेपर्यंत वाट पाहिली.

"मारीसा रविवारी येतेय," मग ते म्हणाले. "न्यायला."

मारीसा म्हणजे त्यांची मुलगी, दुसऱ्या शहरात, केरेतारोला असते.

"सुट्टीला?"

"कायमचं. चायोनं तिला फोन केला, म्हणे तुझा बाप रोज नसलेल्या भूकंपाला घाबरून पळतो. मागची खोली रंगवून घेतलीय तिनं. जनरललाही खिडकी आहे, म्हणाली."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

मास्तरांनी पावाचा कुसकरा जनरलच्या पुढ्यात टाकला. "आता या वयात आम्हाला कोण विचारतंय, बाई?"

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. शब्द अगदी कवळीपर्यंत आले होते. पण समोर दारात चायो झाडू घेऊन उभी होती, आणि तिला पाहिल्यावर मिनीबस आठवली, जिना आठवला, ते परकर आठवले. ओब्दुलियाबाईंनी आतोले संपवलं आणि त्या वर गेल्या. स्वतःची इतकी चीड त्यांना कधी आली नव्हती.

शनिवारी त्यांनी यंत्र लावलंच नाही. सात दहाला लिपस्टिक लावून दाराशी उभ्या राहिल्या. खाली सगळं शांत. सव्वासात झाले, साडेसात झाले. म्हणजे खात्रीच पटली, सगळा दोष आपलाच. आणि दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही. शाल तीनदा घडी केली, तीनदा उलगडली.

रविवारी दुपारी मास्तरांचं दार सताड उघडं होतं. खुर्चीवर सुटकेस उघडी पडली होती. मारीसा शर्टांच्या घड्या करून आत ठेवत होती, चायो डोळे पुसत वर्तमानपत्रात कप गुंडाळत होती. फोन करायचाही तिनंच आणि रडायचंही तिनंच. मास्तर मात्र खिडकीशी पाठमोरे बसले होते.

"थांब, मारीसा," ओब्दुलियाबाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "तुझ्या बाबांचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. दिवा हलतो तो माझ्यामुळे."

मास्तर गर्रकन वळले. "अहो बाई, कशाला उगाच."

"नाही, आता बोलू द्या मला. माझ्याकडे एक यंत्र आहे. उभं राहायचं आणि हादरायचं. रोज सातला मी हादरते, आणि खाली मास्तरांना वाटतं भूकंप झाला."

मग चायोनं हातातला कप हळूच खाली ठेवला.

"शिलाई मशीन?"

"हो."

"आणि माझे परकर?"

"हातानं शिवतेय."

"तरीच म्हटलं, पहिल्याचे टाके एवढे वाकडे कसे!" चायो कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि ओब्दुलियाबाई, ते मिनीबसचं काय होतं हो? जरा पुन्हा सांगा ना, मला नीट आठवत नाही."

"चुकलं गं बाई माझं. झालं? दहा वेळा चुकलं."

चायोच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की दोन वर्षांचं सगळं वसूल झालं.

मारीसा औषधांच्या दुकानात काम करणारी बाई. समोर दिसल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. तिनं हातातला शर्ट बाजूला ठेवला.

"मग दाखवा. कुणीतरी वर जाऊन यंत्रावर उभं राहा, आपण इथून दिवा बघू."

"मी जाते!" चायो म्हणाली. "मी बाईंच्या दीडपट आहे. दिवा काय, छतच खाली येईल बघा."

"चायोला पाठीचं दुखणं आहे," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "आणि रविवार आहे. लोक झोपलेले असतील."

"दुपारी तीनला?" मारीसानं विचारलं.

तोवर चायो बाईंची किल्ली घेऊन जिना चढलीही होती. मास्तरांनी पिंजरा जवळ ओढला आणि तो पुसायला घेतला. पिंजरा चकचकीत होता, तरी ते तो पुसत राहिले.

वरून घरघर सुरू झाली. पाठोपाठ चायोची किंकाळी आली, मग हसणं आलं, मग घरघर आणि हसणं एकत्र. "आई गं! पोटरीत गुदगुल्या होतायत!" ओब्दुलियाबाई आणि मारीसा टेबलापाशी उभ्या राहून दिव्याकडे बघत होत्या.

दिवा हलला नाही.

"जोरात लावा!" मारीसा जिन्याकडे तोंड करून ओरडली.

"शेवटच्या आकड्यावर आहे!" वरून उत्तर आलं, तेही तुटक तुटक, हादरत.

एकही लोलक हलला नाही. एका लोलकावर माशी बसली होती, ती पाय चोळत बसली होती. जुनी इमारत, हातभर जाडीच्या तुळया. ट्रक गेला तरी फार तर कपबशी वाजायची. आवाज मात्र छतातून स्वच्छ येत होता, जणू यंत्र याच खोलीत आहे. दहा मिनिटं दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग वरून तीनदा पीं पीं पीं ऐकू आलं, आणि सगळं शांत झालं.

"बाबा," मारीसा म्हणाली. "दिवा हलला नाही."

"पहिल्या दिवशी हलला होता."

"खरंच?"

"शपथ. एखादा खराच बारका धक्का असेल. मी खाली उतरलो, तर..." मास्तर थांबले.

"आणि दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी?"

मास्तरांनी जनरलच्या वाटीत दाणे घातले. आधीच भरलेल्या वाटीतून ते बाहेर सांडले.

"ते यंत्र शेवटी तीनदा वाजतं," ते जनरलला म्हणाले. "त्यानंतर बाई मोकळ्याच असतात."

ओब्दुलियाबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दीड महिना त्या या माणसाची दया करत तीन-तीन जिने उतरल्या होत्या. गेल्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाला होता, तुमची चाल सुधारलीय, काय करता हो? आणि बाईंनी सगळं श्रेय मनातल्या मनात यंत्राला दिलं होतं. काहीतरी झणझणीत बोलावं असं त्यांना फार वाटलं, आणि एरवी त्यांना शब्द कधी कमी पडत नसत.

"चायो उतरतेय का बघते," एवढंच त्या म्हणाल्या, आणि जागच्या हलल्या नाहीत.

मारीसानं बापाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, त्यांच्या निळ्या शालीकडे पाहिलं. मग ती सुटकेसपाशी गेली आणि एकेक शर्ट काढून परत कपाटात ठेवायला लागली.

"बाबा, हा इस्त्रीचा वर ठेवू का? सकाळी लागेल ना."

"ठेव," मास्तर म्हणाले.

चायो लालबुंद होऊन खाली आली. केस विस्कटलेले, चेहरा फुललेला. "बाई, ते मी नेते हं आजच! माझ्याकडे तळमजल्याला, खाली कुणी नाही, कुणाला त्रास नाही. हलला ना दिवा?"

"ने," ओब्दुलियाबाई म्हणाल्या. "परकर मात्र एवढ्यात मागू नकोस. दुसऱ्याला अजून आठवडा लागेल."

संध्याकाळच्या आत यंत्र खोक्यासकट तळमजल्यावर पोचलं. मारीसा सहाच्या बसनं एकटीच परत गेली.

सोमवारी सकाळी ओब्दुलियाबाई सातला उठून बसल्या. यंत्राच्या जागी फरशीवर चौकोनी डाग राहिला होता. त्यांनी कवळी धुतली, बसवली. कपाटाची मूठ उगाच धरून पाहिली. फोटोतला नवरा आज स्थिर होता. सात पाच झाले, सात आठ झाले. आज कशाला कोण ओरडेल, असं त्या स्वतःलाच रागावल्या आणि शाल कपाटात ठेवायला उठल्या.

खाली धाडकन दार उघडलं.

"भूकंप! भूकंप! खाली चला!"

इमारतीत कुणीही हललं नाही. तळमजल्यावरून तेवढा चायोचा हसण्याचा आवाज आला. ओब्दुलियाबाईंनी लिपस्टिक शोधली, आज दोनदा लावली, आणि कठडा न धरता जिना उतरल्या. मास्तर दुसऱ्या मजल्यावर दारातच थांबले होते, एका हातात पिंजरा, दुसरा हात बाईंसाठी मोकळा.

"आज किती, मास्तर?"

मास्तरांनी आत दिव्याकडे वळून नीट पाहिलं.

"आज जरा मोठा आहे," ते म्हणाले. "बराच वेळ खाली थांबावं लागेल."