दोन विटांची रिकामी जागा

मी एक जुना झरोका आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर मी एक भोक आहे. शेळ्यांच्या गोठ्याच्या भिंतीत, अगदी छपराखाली, दोन विटा मुद्दाम बसवल्या नाहीत आणि माझा जन्म झाला. जे ठेवलंच नाही, त्यापासून मी बनलो आहे.

मला घडवणारा म्हातारा या गोठ्याचा मालक होता. ओला चुना त्याने अंगठ्याने माझ्या कडांना सारवला. त्या अंगठ्याला शेळ्यांचे खुर तासताना सुरी लागून पडलेली खोल चीर होती. तिची रेघ अजून माझ्या खालच्या कडेवर उमटलेली आहे. काम करता करता तो शीळ घालायचा. एक लांब, एक आखूड. ती ऐकली की शेळ्या कुठूनही धावत यायच्या.

थंडीच्या तोंडावर तो गोठा सजवायचा, जणू घरात पाहुणे यायचे आहेत. भिंतीच्या तळाच्या फटी चिखल आणि भुसा कालवून लिंपायचा. गुडघाभर कोरडं गवत पसरायचा. एकेका शेळीच्या कण्यावरून बोटं फिरवून अंगावर मांस किती आहे ते पाहायचा, आणि हडकुळी असेल तिला मूठभर दाणे जास्त. मला मात्र हातही लावायचा नाही. "खालचा वारा शेळीला मारतो, वरचा तारतो," एवढंच पुटपुटायचा, तेही शेळ्यांशी. घरात कुणाला काही समजावून सांगायची त्याला सवयच नव्हती.

माझ्यातून वारा गेला की माझाही आवाज निघायचा. वर्षानुवर्षं त्याचीच शीळ ऐकून असेल, पण मीही तशीच घालू लागलो. एक लांब, एक आखूड.

गेल्या उन्हाळ्यात म्हातारा गेला.

मग गोठा सुनेकडे आला. तिचा नवरा दूरच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा येणारा. सासूचे गुडघे धरलेले. दीड वर्षाची लेक पाठीला बांधून सुनेने एकटीने सगळं केलं. फटी लिंपल्या, गवत पसरलं, खुर तासले. पाच शेळ्यांत कबरी गाभण होती. ती व्यायली की लेकीला घरचं दूध मिळणार, म्हणून सून तिच्या पोटावर हात ठेवून रोज म्हणायची, "सांभाळ गं बाई, स्वतःलाही आणि आम्हालाही."

थंडीचा पहिला वारा एका संध्याकाळी सुटला आणि मी शीळ घातली. पाची शेळ्यांनी माना वर केल्या. सुनेच्या हातातली पेंढी गळून पडली.

ती धावत घरात गेली. "सासूबाई, गोठ्यात मामंजी शीळ घालतायत!"

"घालू देत," सासू म्हणाली. "जिवंतपणी कधी वेळेवर घरी आले नाहीत, आता मेल्यावर कुठले यायला! वरच्या त्या भोकातून वारा येतो गं. कशाला ठेवलंत म्हणून विचारलं, तर म्हणायचे शेळ्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी दुपारी सून स्टुलावर चढली आणि एका पोत्याचा बोळा करून तो माझ्या तोंडात गच्च कोंबला. "ऊबही राहील, भीतीही जाईल," ती स्वतःशीच म्हणाली. रागावू नका तिच्यावर. थंडीत आपण लेकराला घट्ट गुंडाळतो ना, तसंच तिने गोठ्याला गुंडाळलं.

पण गोठ्याला घाम फुटला. पत्र्यावरून थेंब गळू लागले, गवत ओलं झालं. मुताचा उग्र वास साचून डोळ्यांना झोंबू लागला. तिसऱ्या दिवसापासून शेळ्या खोकू लागल्या. चारा टाकला तरी त्या तिकडे फिरकत नसत. भिंतीपाशी एका ओळीत उभ्या राहून वर माझ्याकडे पाहत.

आणि संध्याकाळी शीळ ऐकू येई. एक लांब, एक आखूड.

मित्रांनो, माझं तोंड बंद होतं. शपथ घेऊन सांगतो, ती शीळ माझी नव्हती.

सहाव्या दिवशी सकाळी कबरी उठलीच नाही. तिच्या छातीत घरघर वाजत होती. जनावरांचा डॉक्टर आला, दार उघडून आत शिरला आणि डोळे पुसत बाहेर पळाला.

"अहो बाई, इथे मला दोन मिनिटं उभं राहवेना! पोटात पिल्लं घेऊन ही श्वास कुठून घेणार? वर हवा जायला जागा नाही का?"

"होती," सून म्हणाली. "मीच बुजवली."

ती स्टुलावर चढली. पोतं ओढून काढण्यासाठी तिने हात घातला. चुरगळून कोंबलेलं पोतं घडी होऊन निघालं. चार घड्या, वर सुतळीची गाठ. म्हातारा रिकामी पोती अशीच ठेवायचा. गोठा ओलाचिंब होता. पोतं कोरडं होतं, आणि ऊबदार.

तुम्ही म्हणाल, तू तर तिथेच होतास, तुला ठाऊक असेल. पण बोळ्याआड मला काही दिसलं नाही. एवढंच सांगतो, आदल्या संध्याकाळी माझ्या खालच्या कडेवरून एक अंगठा फिरला. चिरेची रेघ जिथे होती, तिथे तो नेमका बसला.

डॉक्टरने सुई टोचली, ओलं गवत काढायला लावलं. दहा दिवसांनी कबरी चाऱ्याला तोंड लावू लागली. थंडी सरता सरता तिला दोन करडं झाली, आणि सुनेचा जीव भांड्यात पडला.

आता ती खालच्या फटी लिंपते आणि माझी कोळिष्टकं स्वतःच्या हाताने काढते. मित्रांनो, तुमच्याकडेही मुकी जनावरं असतील, तर त्यांना ऊब द्या, पण श्वासाला वाट ठेवा. आणि वडीलधाऱ्यांनी एखादी जागा रिकामी सोडली असेल, तर ती बुजवण्याआधी ते असतानाच विचारून घ्या. नंतर विचारलं, तर उत्तर कुठून येईल सांगता येत नाही.

माझ्या शिळेला सून आता ओ देते. तिला नीट जमत नाही, आखूड स्वर फुसकाच निघतो. काल संध्याकाळी वारा अगदी पडलेला होता. तिने शीळ घातली. मी गप्प होतो.

उत्तर आलं. पाची शेळ्यांनी दाराकडे माना वळवल्या, आणि सुनेने न घाबरता पेंढी सोडायला घेतली.