नावेचा पिक्चर, आपल्या भाषेत

रविवारी जमून पिक्चर बघणाऱ्या त्यांच्या मंडळींत पिक्चरला नाव नसायचं. खरी नावं परक्या भाषेतली, उच्चारताना जिभेला गाठ पडायची, आणि जिन्यात किंवा बसमध्ये ती मोठ्यानं घ्यायची सोयही नव्हती. म्हणून मग ‘पंख्याचा’, ‘गोलकीपरचा’, ‘नावेचा’. कुणी ऐकलंच तर वाटावं, सामानसुमानाच्या गप्पा चालल्यात.

‘पंख्याचा’ हा बँकवाल्याचा लाडका. त्यात एका घरात संसार केलेले दोन म्हातारे अख्खा पिक्चरभर पंख्याच्या वेगावरून भांडतात. एकाला उकडतं, दुसऱ्याचे सांधे धरतात. शेवटी पंखाच बिघडतो आणि दोघं मिळून खिडकी उघडतात. संपला.

“यात आहे काय रे एवढं?” नर्स दर वेळी विचारायची.

“काही नाही, म्हणूनच तर,” बँकवाला कप खाली ठेवून म्हणायचा. “कुणी मरत नाही. कुणाला घरातून हाकलत नाहीत. कुणाचा बाप दारात उभा राहून शिव्या घालत नाही. नुसता पंखा! मला आयुष्यात एवढंच हवंय गं, रोज भांडायला एक पंखा.” हसता हसता त्याचा आवाज मध्येच असा घसरायचा, की सगळ्यांना एकदम आपापल्या चहाची आठवण व्हायची.

नर्सला गोलकीपरचा आवडायचा, कारण त्यातली पोरगी जिंकते. “आठवडाभर वॉर्डात माणसं हरताना बघते मी. रविवारी तरी मला कप उचलताना दाखवा.”

चष्मेवालीचा आणि आवाजवालीचा मात्र एकच. नावेचा.

चष्मेवाली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. काचा बदलत दिवसभर तेच विचारायची, “हे बरं दिसतंय, का हे?” आवाजवाली परभाषेतल्या पिक्चरांना आपल्या भाषेतले आवाज द्यायची. त्यातल्या बायकांचं बोलणं एका बंद खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, त्यांच्या ओठांवर बेतून बोलायचं. “दुसऱ्याचं बोललेलं बोलून पोट भरतेस, पोपटे!” असं चष्मेवालीनं पहिल्याच भेटीत म्हटलं होतं, आणि पोपटी ती तेव्हापासून तिच्यापुरती झाली होती.

नावेच्या पिक्चरमध्ये दोघीजणी नदीवर नाव चालवतात. माणसं, शेळ्या, पोती, सायकली, जे येईल ते या काठावरून त्या काठाला नेतात. एकीचं लग्न पलीकडच्या गावात ठरतं आणि दुसरीलाच तिला नावेतून सोडायला जावं लागतं. मधोमध आल्यावर वल्ही थांबतात. वल्हवणारी एक मोठा श्वास घेते आणि एकच शब्द बोलते. थांब. मग पिक्चर तिथंच सोडून देतात. नाव कुठल्या काठाला लागली, ते कळत नाही.

“लागलीच नसेल,” चष्मेवाली म्हणायची. “अजून मधेच असतील बघ. आपल्यासारख्या.”

भाषा दोघींनाही येत नव्हती. पडद्यावर खाली येणाऱ्या भाषांतराच्या पाट्या वाचायचंही त्यांनी नंतर सोडून दिलं. इतक्यांदा बघितला, की पुढं नुसते चेहरे पुरायचे. बाकीच्या पिक्चरांत शेवटी एक तरी मरतेच, यावर चष्मेवालीचा मोठा राग होता. “आमच्यातली एक मेली की बघणाऱ्यांना कसं हायसं वाटतं. रडता येतं आणि घरीही जाता येतं. हा पिक्चर तसा कुणाला घरी जाऊ देत नाही.”

पण तिच्या मनात या पिक्चरचं दुसरंच काम होतं. ती आईजवळ राहायची. आईला आपल्या भाषेखेरीज दुसरी येत नव्हती, आणि पाट्या वाचण्याचा कंटाळा. आवाजवाली त्या घरी सगळ्या सुट्ट्यांना जायची, भाजी निवडायची, आईला ‘काकू’ म्हणायची आणि संध्याकाळी चप्पल घालून आपल्या भाड्याच्या खोलीवर परतायची. दोघींना एक घर करायचं होतं. दर वर्षी करायचं होतं. आणि दर वर्षी चष्मेवाली म्हणायची, “आईला सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत गं. हा पिक्चर आपल्या भाषेत आला ना, की तिला समोर बसवीन. संपला की म्हणेन, आई, ही आमची गोष्ट. तेवढंच बोलायचं, बाकीचं पिक्चरनं बोलून झालेलं असेल.”

आवाजवालीला हे हसण्यावारी न्यावंसं वाटायचं, पण चष्मेवालीचा चेहरा बघून जमायचं नाही.

आणि खरंच आला की तो! एका वाहिनीनं विकत घेतला, आवाजवालीच्याच स्टुडिओकडे डबिंगला पाठवला, आणि वल्हवणारीसाठी डबिंग करून घेणाऱ्या मास्तरांनी आवाजवालीलाच बोलावलं. खर्जातला आवाज तिथं तिचाच होता. चष्मेवालीनं दुकानातून फोनवर एवढी किंकाळी मारली, की डोळे तपासायला बसलेलं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी कागद हातात दिले. आवाजवालीनं पहिलंच वाक्य वाचलं आणि मान वर केली.

“मास्तर, हे ‘ताई’ काय आहे?”

“वाहिनीवाल्यांनी कळवलंय. दोघी बहिणी करायच्या.”

“बहिणी?”

“दुपारचा पिक्चर आहे बाई, घरोघरी लागणार. मुका कापलाय, खोलीतला एक सीन कापलाय. बाकी सगळं जसंच्या तसं.”

“सख्ख्या का चुलत?”

“तुम्हाला कोणत्या परवडतील त्या,” मास्तर हसले. माणूस वाईट नव्हता. मुलीच्या फीचे हप्ते आणि स्टुडिओचं भाडं यांच्यामध्ये चेपलेला होता, एवढंच.

तिनं कागद परत करायला हवे होते. तसा विचार तिनं केलाही, पण मग दुसरी कुणी तरी येऊन हेच बोलली असती, शिवाय बेचव. आपण आत असलो तर काहीतरी वाचवू, असं तिनं स्वतःला समजावलं. आत राहून वाचवू म्हणणारी माणसं असंच समजावतात.

शेवटच्या शब्दापाशी ती अडली. मूळ शब्दाला शेवटी ओठ मिटत होते. “मास्तर, इथं ‘थांब’ चपखल बसतो. बघा, ‘ब’ला ओठ बंद.”

“बसतो हो. पण लग्नाला निघालेल्या बहिणीला बहीण थांब कशाला म्हणेल? वेड लागलंय तिला?” त्यांनी पेन्सिल कानामागून काढली, पडद्यावरचे ओठ दोनदा पुढं-मागं फिरवून बघितले आणि लिहिलं: जप. “घ्या! ‘प’लाही ओठ बंद. नांदायला निघालेल्या पोरीला म्हणतातच की, जप गं बाई.”

बसत होता. दुष्टपणानं बसत होता.

आता एक गोष्ट डबिंगवाल्यांनाच ठाऊक असते. शब्द कागदावर असतात, श्वास नसतात. हुंदका, उसासा, दम लागणं, काही बोलायला तोंड उघडून न बोलणं, हे सगळं कलाकारानं पडद्याकडे बघून आपलं आपण भरायचं असतं. वाहिनीवाले शब्द तपासतात, श्वास कुणी वाचत नाही. आवाजवालीनं शब्द त्यांचे बोलले, आणि पिक्चरभर, जिथं म्हणून जागा मिळाली तिथं, श्वास मात्र आपले भरले. शेवटच्या शब्दाआधी तिनं जो घेतला तो ‘थांब’चाच होता. चष्मेवाली ट्रेनिंगसाठी परगावी निघाली होती, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून जो घेतला होता, तोच. आणि मग म्हणाली, “जप.”

“श्वास जरा जड झाला का?” मास्तरांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाले, “असू दे. नाव वल्हवतेय, दम लागणारच.”

घरी जाताना ती खूश होती. सीमेवरून काहीतरी लपवून आणावं तशी. चष्मेवालीनं रात्री फोनवर विचारलं, “शेवटचा शब्द काय केलास?”

“ऐकशील तेव्हा कळेल.”

“आत्ता सांग ना गं!”

“नाही,” ती म्हणाली. बहिणी केल्याचंही बोलली नाही. रोज सांगू म्हणायची, आणि चष्मेवाली रोज नव्या घराच्या पडद्यांचे रंग सांगायची. श्वास आहेत ना, तिला कळेलच, जगात कुणाला नाही तरी तिला कळेलच, असं म्हणून ती गप्प बसली. एवढीच तिची चूक, आणि एवढी पुरली.

रविवारी दुपारी चष्मेवालीनं आईला खुर्चीत बसवलं, पायाखाली स्टूल दिलं. आईचे कान गेले होते, पण कानातलं मशीन तिला टोचायचं, म्हणून ते खिडकीत डबीत पडलेलं आणि टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका. डोळे मात्र लख्ख. लेकीनं तपासलेले.

पिक्चर सुरू झाला. पडद्यावर धुकं, नदी, आणि आवाजवालीचा आवाज सगळ्या खोलीत दणाणला, “ताई, दोर सोड!”

चष्मेवालीनं चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो तिथंच राहिला. तिनं वळून बघितलं. “ताई?”

“पुढं बघ,” आवाजवाली हळूच म्हणाली. “पुढं ऐक.”

ती ऐकत राहिली. ताई, भाकड शेळी आधी चढव. ताई, तुझ्याशिवाय मला घर खायला उठेल. दर ‘ताई’गणिक चष्मेवाली खुर्चीत थोडी थोडी लहान होत गेली. मुक्याच्या जागी नदीच दिसली. मधोमध वल्ही थांबली, वल्हवणारीचे खांदे वर आले, तो श्वास भिंतींवर आपटला, आणि मग ‘जप’. लगेच साबणाची जाहिरात.

आईनं पदरानं डोळे पुसले. “तूच ना गं ती? वल्हवणारी?”

“हो काकू.”

“किती दम लागला तुला शेवटी.” आई तिच्याकडे बघत राहिली. “बहिणीला पोचवताना असा दम लागत नाही. मी पोचवलीय माझी, सासरी पण आणि वर पण. रडू येतं, पण खांदे असे वर येत नाहीत. असे एकदाच पाहिलेत मी. ही ट्रेनिंगला गेली त्या दिवशी, ओट्यापाशी. तुझे.”

खोलीत फक्त जाहिरातीतलं बाळ हसत होतं. आवाजवालीला वाटलं, पोचलं. एवढ्या कापाकापीतून पोचलं. तिनं चष्मेवालीकडे पाहिलं.

चष्मेवाली पुढं सरकली, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. “आई, मला तुला सांगायचं होतं, की ही आणि मी—”

“मला ऐकू येत नाही गं,” आई म्हणाली.

“मशीन देते.”

“नको. टोचतं.” तिनं लेकीचा हात थोपटला, मायेनं थोपटला, तेच वाईट. “डोळे शाबूत आहेत माझे, तूच तपासतेस. कधीपासून बघतेय मी. पण बहिणी केलं ते फार बरं केलं हं त्यांनी. पिक्चर कुठलाही असो, आपल्या भाषेत आणायचा तर असा नीट करूनच आणावा. चारचौघांत बसून बघता आला पाहिजे.” मग आवाजवालीकडे वळून, “तू ये की इथंच राहायला. भाडं कशाला भरतेस फुकट? माझ्या बहिणीची मुलगी आहे म्हणून सांगेन सगळ्यांना. माझ्या खोलीत पलंग मोठा आहे, तू माझ्याजवळ झोप. हिला एकटीच झोपायची सवय आहे.”

आवाजवाली वाट बघत राहिली. चष्मेवालीनं कप गोळा केले, एकात एक घातले, परत वेगळे केले.

“पलंगाची गादी बदलावी लागेल, आई,” ती म्हणाली. “मधे खड्डा पडलाय.”

“बदलू की,” आई म्हणाली. तिला ते व्यवस्थित ऐकू आलं.

जिन्यात आवाजवाली चप्पल घालत होती तेव्हा चष्मेवाली मागोमाग आली, दार अर्धवट ओढून घेतलं.

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“श्वास ठेवले होते गं सगळे. मला वाटलं, तुला कळतील.”

“आईला कळले.” चष्मेवाली कठड्याकडे बघत होती. “मी शब्दाची वाट बघत होते. वर्षानुवर्षं त्या एका शब्दाची वाट बघत होते, आणि तू ‘ताई’ म्हणत होतीस मला, साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्यानं.”

“आत जाऊ. मशीन घालू त्यांच्या कानात. मी सांगते, दोघी मिळून—”

“ती ऐकणार नाही. आता तर तिला पिक्चरच मिळालाय.” मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, “येशील ना राहायला?”

“मावसबहीण म्हणून?”

“काय म्हणून ते मरू दे ना. एका घरात तर असू.”

“आणि झोपायचं काकूंजवळ.”

“तूच केल्यास ना बहिणी,” चष्मेवाली म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. गिऱ्हाइकाला नंबर वाढल्याचं सांगतात, तसं सांगितलं. “आता मला काय विचारतेस?”

आतून टीव्हीचा आवाज आला, दुसरा कुठला तरी पिक्चर लागला होता. आई हाक मारत होती. आवाजवाली एक पायरी उतरली, आणखी एक उतरली आणि थांबली. एक शब्द बोलायचा होता, वर दारात उभी होती तिनं बोलायचा होता, आणि तो कोणता हे दोघींना पाठ होतं.

चष्मेवालीनं तोंड उघडलं. “अंधार पडायच्या आत पोच,” ती म्हणाली. “जप.”

आवाजवालीचं लक्ष सवयीनं तिच्या ओठांकडे गेलं. जिथं मिटायला हवे होते, तिथंच मिटले होते. आधी श्वास मात्र घेतलेला नव्हता.

दार लागलं. ती खाली उतरली.