पिंजाऱ्याच्या दुकानातला चेलो

सोवळं पाळावं तर वसमतच्या आमच्या नानांनी. देवळाचे पुजारी. कुणाची सावली पडली तरी आंघोळ, शिंक आली तरी आचमन. दक्षिणेचं नाणं मात्र कुणाच्याही हातचं चालायचं. मी, संतराम, त्याच देवळात वीस वर्षं मृदंग वाजवत होतो. नानांची सगळी थेरं मला दिसत होती, पण नैवेद्याच्या ताटावर माझं घर चालायचं, म्हणून तोंड उघडलं नाही.

निजामाच्या अमलातली, सन चाळीसच्या सुमाराची गोष्ट. नानांचा पुतण्या गोपाळ दहा वर्षांनी हैदराबादेहून परतला, तो चेलो घेऊन. भलंमोठं लाकडी वाद्य. खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरायचं आणि गजानं वाजवायचं. कुणा गोव्याच्या बँडमास्तरानं शिकवलं होतं. परतला तो आईसाठी. गंगूताईंचा एक कान पुरता गेला होता आणि दुसराही जायच्या बेतात होता. तो जायच्या आत लेकाचं वाजवणं एकदा ऐकायचं, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

नानांनी पहिला प्रश्न केला, तारा कशाच्या? गोपाळ भाबडा. बकऱ्याच्या आतड्याची तात असते, म्हणाला. झालं. वाद्य देवळात नको आणि घरात तर नकोच. घर नानांचं, भावजय विधवा, मग बोलणार कोण? मी शेजारीच बसून मृदंगाचा सूर जुळवायला त्याला कणीक लावत होतो. खाली मान घालून लावत राहिलो.

मग गोपाळ जागा मिळेल तिथं वाजवू लागला. हळदीचे व्यापारी व्यंकटराव यांनी आपल्या वखारीत मोठ्या डौलानं पाहुणे जमवले आणि स्वतः सगळा वेळ शेजाऱ्याशी हळदीच्या भावाबद्दल बोलत बसले. त्यांना सूर आणि पोतं यांत फरक कळत नव्हता. तिथंच तात तुटली. नवी हैदराबादेशिवाय मिळेना. शेवटी बाजारातल्या पिंजाऱ्यानं आपल्या कापूस पिंजायच्या पिंजणाची तात काढून दिली, तीही आतड्याचीच. ती जुळली, तेव्हा गोपाळ त्याच्याच दुकानात वाजवायला बसला. कापसाच्या ढिगात पाच-सहा माणसं मावायची, पण ती ऐकायची तरी.

एका दुपारी गंगूताई आपण होऊन तिथं गेल्या. नानांना कळताच ते मला साक्षीला घेऊन धावले. दुकानाची पायरी चढायची नव्हती, म्हणून भर रस्त्यातून ओरडू लागले, की वहिनी, त्या आतड्याच्या वाद्यापाशी बसलात तर पुन्हा घरात पाय ठेवायचा नाही.

गंगूताई जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "संतराम, तुमी सांगा. देवळातल्या मृदंगावर काय ताणलंय?"

नाना माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. मी काहीतरी पुटपुटलो.

"मला ऐकू येत न्हाई. मोठ्यानं सांगा."

बाजार थबकला होता. मला नानांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"बकऱ्याचं कातडं," मी ओरडलो. "वीस वर्षं रोज देवापुढं बकऱ्याचं कातडंच वाजवून राहिलो."

कुणीतरी फिसकन हसलं. नाना तोंड फिरवून घरी निघून गेले, बहुधा आंघोळीला. माझं नैवेद्याचं ताट त्यांच्याबरोबरच गेलं. मी पायरी चढून कापसावर जाऊन बसलो.

गंगूताईंनी उरलेला कान चेलोकडे केला आणि म्हणाल्या, "वाजव रे लेकरा. अजून ऐकू येऊन राहिलंय."