सुमीची बाळंतखोली

मित्रांनो, मी पेटी बोलतेय. पेटी म्हटल्यावर तुमच्यापैकी काही जणांना भजनातली पेटी आठवली असेल. तिचा मान मोठा, माझा तसा नाही. मी आंब्याची एक जुनी पेटी आहे. सध्या मुक्काम कोपर, डोंबिवली पश्चिम, तिसऱ्या मजल्यावरची ग्रिल लावलेली गॅलरी.

माझा जन्म देवगडजवळच्या एका वाडीत झाला. मारुती सुतार तोंडात चार खिळे धरून एकामागून एक पेट्या ठोकायचा. हलक्या लाकडाच्या फळ्या, दोन फळ्यांमध्ये हवेसाठी बोटभर फट आणि तळाला पेंढा. माझ्यात चार डझन हापूस निजवले गेले आणि संदेशच्या मामांनी मला भाच्याकडे पाठवलं. मी या घरात आले तेव्हा संदेश, त्याची बायको विनिता आणि नुकतीच चालायला लागलेली त्यांची मुलगी संचिता असे तिघेही माझ्याभोवती फतकल मारून बसले. झाकण निघालं आणि विनिता डोळे मिटून म्हणाली, "आहाहा!" ते कौतुक आंब्यांचं होतं हे मला कळत होतं. पण आंबे माझ्याच पोटात होते, म्हणून त्यातलं थोडं मी स्वतःकडे ठेवून घेतलं.

आंबे संपले. मग माझ्यात कांदे-बटाटे आले, पुढे गणपतीच्या आराशीच्या माळा आल्या आणि एके दिवशी चक्क चपला आल्या. चपला! मी रुसले, पण पेटीच्या रुसण्याकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ आहे? चपलांसाठी स्टँड आल्यावर तर मी गॅलरीतच जाऊन पडले. वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी माझ्यावर ठिबकायचं. फळ्या फुगल्या, एक कडा उकलली. अशी सात-आठ वर्षं गेली. घरात रंगीबेरंगी प्लास्टिकचे डबे आले, त्यांच्याविषयी मी काही बोलणार नाही.

संचिताच्या नवव्या वाढदिवसाला घरात दोन ससे आले. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं की दोन्ही माद्या आहेत. म्हणून पांढरीचं नाव सुमी आणि करडीचं रमी ठेवलं. दोघी गॅलरीत मोकळ्या हुंदडायच्या. त्यांचं सुकं गवत ठेवायला कोरडी जागा हवी होती. संदेशने मला झटकून भिंतीला लावलं, माझ्या फटी आतून पुठ्ठ्याने बंद केल्या आणि गवत भरलं. इतक्या वर्षांनी मला काम मिळालं. मी किती सुखावले ते काय सांगू!

दोन महिन्यांनी सुमीचं वागणं बदललं. ती तोंडात गवताच्या काड्या धरून माझ्यात यायची, त्या एका कोपऱ्यात रचायची आणि परत जायची. एका संध्याकाळी तर तिने छातीवरचे केस ओढून काढायला सुरुवात केली. विनिता घाबरली. "अहो, हिला खरूज झालीय वाटतं. उद्या डॉक्टरला दाखवू," ती संदेशला म्हणाली. मला मात्र माझ्या तळाशी ते मऊ केस साठताना कळत होते. कोणासाठी तरी जागा तयार होत होती.

पहाटे सुमी व्याली आणि मी पाच जणांची बाळंतखोली झाले. अंगठ्याएवढे जीव, गुलाबी, केस नसलेले, डोळे घट्ट मिटलेले. केसांच्या ढिगाखाली ते हलले की वरचा ढीगही हलायचा. माझ्यात इतकं हलकं आणि इतकं मोलाचं याआधी कोणी ठेवलं नव्हतं, हापूसचा मान राखून सांगते.

"आई! गवत हलतंय!" संचिताने किंचाळून घर जागं केलं. संदेश डोकं खाजवत म्हणाला, "अरे, मग रमी म्हणजे... रम्या?" आणि रम्याची रवानगी एका पिंजऱ्यात घालून स्वयंपाकघरात झाली. पण पाच ओल्या जिवांचं करायचं काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. संदेशला मानपाड्याला कामावर पोचायचं होतं, तो निघाला. विनिताने मग तेच केलं जे या इमारतीतली प्रत्येक बाई बाळ झाल्यावर करते. तिने तळमजल्यावरच्या गोदूबाईंना हाक मारली.

गोदूबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. चाळीस वर्षं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणं हे त्यांचं काम. इमारतीतली निम्मी पोरं त्यांनी आपल्या लांब केलेल्या पायांवर न्हायला घातली आहेत, संचितालासुद्धा. अलीकडे त्यांना बोलावणी कमी येतात. म्हणून त्या आल्या त्या अगदी जय्यत तयारीने. एका हातात खोबरेल तेलाची वाटी, दुसऱ्या हातात निखाऱ्यांची शेगडी, कमरेला ओव्याची पुरचुंडी.

"बाळंतीण कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

संचिताने सुमीकडे बोट दाखवलं. गोदूबाईंनी तिला एकदा न्याहाळलं आणि पदर खोचून त्या म्हणाल्या, "असू दे. बाळंतीण ती बाळंतीण. शेक-धुरीबगर अंग कसं भरंल?"

त्यांनी माझ्यातले केस मुठीने उचलून बाहेर काढले. "ह्यो कसला गुंता? पोरांच्या नाकातोंडात जाईल की!" असं म्हणून त्यांनी ते कचऱ्याच्या पिशवीत टाकले. पाचही पिल्लांना एकेक करून हातावर घेतलं, कोमट तेल चोपडलं, जुन्या सुती साडीच्या फडक्यात गुंडाळलं आणि ओव्याची धुरी दिली. त्यांचा हात इतका हलका होता की एकाही पिल्लाला लागलं नाही. मी हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते प्रेमापोटीच झालं. जाताना गोदूबाई कचऱ्याची पिशवीही खाली घेऊन गेल्या.

धूर माझ्या फळ्या-फळ्यांत भरला. सुमी गॅलरीच्या पार टोकाला जाऊन मागचा पाय जमिनीवर आपटत राहिली. मला तिच्या गवताचा वास येईना, मग तिला तरी पिल्लांचा कुठून येणार? ती फिरकली नाही. दुपारपर्यंत तेलकट पिल्लं गार पडली. त्यांची पोटं आत गेली, कातडीला सुरकुत्या पडल्या. विनिताने ड्रॉपरने गाईचं दूध पाजून पाहिलं तर जे सगळ्यांत लहान होतं त्याच्या नाकातून दूध बाहेर आलं. त्याला ठसका लागला तेव्हा माझा तळ थरथरला.

"आई, सुमीला आपली बाळं नकोत का गं?" संचिताने विचारलं.

शेवटी विनिताने कळव्याच्या हेमा डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. त्या जनावरांच्या डॉक्टर. तोवर गोदूबाईही वर आल्या होत्या. फोनचा आवाज मोठा केला होता.

"दूध आधी बंद करा," डॉक्टर म्हणाल्या. "सशाची आई दिवसातून एकदा-दोनदाच पिल्लांजवळ जाते, तेही चार-पाच मिनिटं. तिने टाकलेलं नाहीये त्यांना. तेल कोरड्या फडक्याने हळूच टिपा, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. आणि तिने उपटलेले केस होते ना? ते पहिले परत घाला. ते त्यांचं पांघरूण आहे."

गोदूबाईंचा चेहरा उतरला. मग त्या तशाच वळल्या आणि जिना उतरून गेल्या. गुडघेदुखीची बाई, पण त्या दिवशी त्यांनी कठड्यालाही हात लावला नाही. कचरा न्यायला माणूस अजून यायचा होता. त्यांनी इमारतीच्या डब्यातून ती पिशवी शोधली, पायरीवरच बसून कांद्याच्या सालींतून, चहाच्या चोथ्यातून कोरडे केस वेचून काढले. तासाभराने त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या ओच्यात एक पांढरा ढीग होता.

"चाळीस वर्सांत माझ्या हातनं एक पोर दगावलं न्हाई, विनिता," त्या म्हणाल्या. "आणि आज..."

"मावशी, असं नका ना बोलू. मीच तुम्हाला बोलावलेलं," विनिता म्हणाली. दोघींचे डोळे भरले होते. मीही रडले असते, पण लाकडाला ती सोय नाही.

केस परत आले, ताजं गवत आलं, बाटलीची ऊब आली. पिल्लं एकमेकांना चिकटली. आता सुमी येते का, एवढंच पाहायचं होतं. संध्याकाळ झाली. ती आली नाही. मी मनातल्या मनात तिला हाका मारत होते.

उजाडताना माझ्या काठावर दोन पुढचे पाय टेकले. सुमी बराच वेळ हुंगत राहिली. मग टुणकन आत उतरली, पिल्लांवर उभी राहिली आणि तिच्याखाली इवली तोंडं चुटूचुटू ओढायला लागली. पाच मिनिटंही झाली नसतील, ती उडी मारून निघून गेली. हे घरातल्या कोणीच पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त मी, आणि मला तर सांगता येत नव्हतं!

सकाळी गोदूबाई आल्या. या खेपेस त्यांनी हात साध्या पाण्याने धुतले, सुमीच्या गवतात चोळले आणि मगच केसांचं पांघरूण बाजूला केलं. पिल्लाचं पोट बघायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

"टम्म! ह्येचं बी टम्म. विनिता, अगं पाजलंय तिनं!" चार पोटं त्यांनी अशी मोजली. पाचव्यापाशी त्यांचं बोट थांबलं. कालचं ते ठसका लागलेलं, सगळ्यांत लहान. इतरांनी ढकलल्यामुळे त्याला काही मिळालंच नव्हतं. त्याचं पोट रिकाम्या पिशवीसारखं लोंबत होतं.

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "त्याला एकट्याला आईला लावता आलं तर बघा. पण ती बिथरली तर नको."

गोदूबाई सुमीपासून हातभर अंतरावर भुईवर बसल्या. तासभर त्यांनी तिला हातही लावला नाही. कोथिंबिरीची एकेक काडी पुढे सरकवत राहिल्या. संचितालाही त्यांनी नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं. सुमी एक पाऊल आली, मग आणखी एक, आणि शेवटी त्यांच्या मांडीपाशी येऊन पसरली. तेव्हा गोदूबाईंनी लहानग्याला उचललं आणि तिच्या पोटाशी धरलं. पहिलटकरणींना पोर छातीशी कसं धरायचं हे ज्या हातांनी शिकवलं होतं, तेच हात होते ते. लहानगं चाचपडलं, सुटलं, पुन्हा चाचपडलं.

"धर गं माझी बाय," पिल्लाच्या कानाशी त्या पुटपुटल्या. "लई केलं म्या तुझं. आता तूच धर."

आणि त्या जिवाने धरलं.

असं रोज सकाळी चाललं. चार-पाच दिवसांनी पिल्लांच्या अंगावर मखमलीसारखी लव आली. अकराव्या दिवशी चौघांचे डोळे उघडले. गोदूबाई 'माझी बाय' म्हणाल्यापासून ते लहानगं सगळ्यांची लहानगी झालं होतं; तिचे उघडेनात. गोदूबाई माझ्या काठाशी येऊन बसायच्या, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवून. पुसून बघू का, असं त्यांच्या अगदी ओठांवर यायचं, पण त्यांनी हात सोडवले नाहीत. काल सकाळी लहानगीचा एक डोळा उघडला, मग दुसरा. समोर माझी जुनी फळी होती आणि फळीवरून वाकलेल्या गोदूबाई होत्या. लहानगी अडखळत त्यांच्या बोटापाशी आली आणि तिने तिथे नाक टेकवलं. गोदूबाई हलल्या नाहीत, फक्त रडत राहिल्या.

मित्रांनो, तुमच्याकडे असं एखादं इवलं कधी आलं, तर त्याला कुरवाळण्याआधी त्याच्याशेजारी जरा बसा. त्याची आई काय करते ते पाहा, आणि कळलं नाही तर जाणत्याला विचारा. आपल्याला जे प्रेम वाटतं ते त्याला मानवेलच असं नाही. माझ्यासारखी एक साधी पेटी तुमच्याकडे एवढंच मागते.

आता मात्र हळू बोला. पोटभर पिऊन आत्ताच झोपलीत, पाचही. जाताना गॅलरीचं दार वाजवू नका.