सर्व्हर कुणाचं ऐकतो

सासरे निवृत्त झाले, हृदयाचं ऑपरेशन झालं, तरी हॉस्पिटलचा सर्व्हर या म्हाताऱ्या डॉक्टरांना सोडेना. कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट धोक्याचा आला, की मेसेज थेट त्यांच्याच फोनवर! मग ते भरल्या ताटावरून उठणार, वॉर्डात फोन लावणार, नर्सला झापणार. शेवटी सासूबाईंनी सुनेला बजावलं, "तो सर्व्हर तूच सांभाळतेस ना? मग थांबव हे, नाहीतर हा माणूस हातचा जाईल."

सून सकाळपासून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली होती. सेटिंगच्या फाइलीत तिने नव्या डॉक्टरांचा नंबर टाकला, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला, चाचणीचा मेसेज पाठवला. आतल्या खोलीत टिंग! सासरे चष्मा शोधायला लागले.

"पडून राहा हो बाबा, चाचणी आहे!"

फाइल बरोबर, नंबर बरोबर. पुन्हा टिंग. पालथ्या घड्यावर पाणी घालायचं तरी किती! तिने फाइल पुसून नव्याने लिहिली, सर्व्हरला नाही नाही ते ऐकवलं. टिंग, टिंग. तिला धड बसवेना, धड उठवेना.

दुपारी परत वाजलं. या वेळी तिने काही पाठवलंच नव्हतं.

ती आत धावली. गोळ्यांच्या गुंगीत सासरे गाढ झोपले होते. फोनवर एका बाळंतिणीचा रिपोर्ट होता. त्याच बाईचा आणखी एक मेसेज आधीच येऊन पडलेला. तो टिंग तिने आपल्या चाचणीचाच समजून सोडून दिला होता. तिने वॉर्डात फोन लावला. "बरं झालं कळवलंत, लगेच ऑपरेशनला नेतो तिला," नर्स म्हणाली.

सुनेच्या आवाजाने सासरे जागे झाले. सगळं ऐकून ते तिच्यामागोमाग टेबलापाशी आले.

"फाइल कशाला उकरतेस? सर्व्हर सुरू करायच्या कमांडमध्ये बघ. तिथे नंबर असला की फाइलीला कोण विचारतं! आधीच्या इंजिनिअरकडून मीच घालून घेतला होता, कुणी बदलू नये म्हणून."

"आणि सकाळपासून गप्प बसलात? बाबा, ती बाई गेली असती!"

"हो." ते खुर्चीत बसले. "हा फोन वाजायचा थांबला की मला कोण विचारणार, याची भीती वाटत होती गं."

नंबर तिथेच होता. तिचा हात होईना. "सरक," म्हणत त्यांनी स्वतःच एकेक आकडा पुसला.

तिने सर्व्हर पुन्हा सुरू केला, चाचणी पाठवली. आत काही वाजलं नाही.

"पोचला नव्या डॉक्टरांना?"

"पोचला, बाबा."

"मग त्या बाईचं कसं आहे, तेवढं विचार," ते म्हणाले. "माझं नाव नको सांगूस."