तीन वायरींचे हळदीकुंकू

मी एक जुने विजेचे इंजिन आहे. माझी हकिगत ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला स्वतःलाच शंका वाटते. तरीही मित्रांनो, थोडे ऐका.

मी परदेशात घडले. भिगवण स्टेशनात उतरले आणि बैलगाड्यांवरून लासुर्ण्याकडच्या एका साखर कारखान्यात आले. उसाच्या चिपाडावर तिथे बॉयलर पेटे, त्यातून वीज होई आणि त्या विजेवर मी रुळांवरून उसाच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ओढत असे.

माझी वीज तीन धारांची. एका उखळात तीन बायका पाळीपाळीने मुसळ घालतात ना, तशा त्या धारा एकीमागून एक येतात आणि माझी मोटर फिरते. त्यांतल्या दोघींची पाळी बदलली, की मोटर उलटी फिरते. म्हणून माझ्या तीन वायरींच्या टोकांना लाल, पिवळी आणि निळी अशा रंगांच्या खुणा होत्या.

कुंडलिक मला चालवी. कोळसा नाही, धूर नाही, म्हणून लोक माझे कौतुक करीत. यार्डाचे मुकादम सर्जेराव मात्र बैलगाड्यांच्या बाजूचे.

एका खंडेनवमीला वीज बंद करून मानसिंग फिटरने माझ्या वायरी साफसफाईसाठी सोडल्या. पूजा झाली. मानसिंगने वायरी पुन्हा जोडल्या. मोठे साहेब पाहायला उभे होते. कुंडलिकने मला चालवायचा दांडा पुढे ओढला आणि मी मागे गेले. वाघिणींनी शेडचा कूड पाडला.

सर्जेराव हसले. "कुंडलिका, दांडा वढलास का शेपूट?" मग साहेबांकडे वळून म्हणाले, "सणाच्या दिशी माघारी जातंय, हे लक्षण बरं न्हाय सायेब. इकून टाका ही बला. बैलं काय कमी हायेत हितं?"

कुंडलिक खाली मान घालून उभा राहिला. मी गेले, तर त्याचे कामही जाणार होते.

तेवढ्यात त्याची बायको धोंडाबाई पदर सावरत पुढे आली. इतक्या पुरुषांत ती कधी बोलली नव्हती.

"सायेब, ह्यांला बोल लावू नगा. वायरींच्या तोंडाला हळदीकुंकू म्या लावलं. तिघींलाबी सारखं. येकीला लावायचं नि दुसरीला न्हाय, आसं कसं करायचं?"

मानसिंगने कपाळावर हात मारला. "आरं तिच्या. खुणा त्याखाली झाकल्या, वैनी. आन मी शहाणा, पुसून बघायचं सोडून अदमासानं जोडून मोकळा झालो."

त्याने पुन्हा वीज बंद केली, टोके पुसली आणि दोन वायरींची अदलाबदल केली.

"आता तर जाईल न्हवं पुढं?" सर्जेरावांनी विचारले.

"जाईल की. मी मागं हुबी ऱ्हाते," धोंडाबाई म्हणाली आणि मागे रुळांवर जाऊन उभी राहिली.

"तू आदी बाजूला हो," कुंडलिक म्हणाला, "मगच दांडा वढतो."

ती रुळांवरून बाजूला झाली, पण गेली नाही. दांडा पुढे आला आणि मी सावकाश पुढे निघाले. साहेब एवढेच म्हणाले, "सर्जेराव, कूड बांधून घ्या."

पुढे अनेक हंगाम मी ऊस ओढला. नंतर रूळ उखडले, तारा उतरवल्या आणि मी कोपऱ्यात गेले. अजूनही खंडेनवमीला कुणीतरी मला हार घालते. मला ते आवडते. पण मित्रांनो, त्या दिवसानंतर धोंडाबाई दर वर्षी कोरडे फडके घेऊन येई. आधी वायरींची टोके पुसून मानसिंगला खुणा दाखवी, मग माझ्या कपाळाला टिळा लावी. टिळा लावणारे मला पुष्कळ भेटले. तुमच्या घरीही एखादे यंत्र असेल. त्याला फूल वाहाल, तेव्हा एक फडकेही हाताशी असू द्या.