छाप सतरा

मर्लच्या डोक्यात एकदा नियम शिरला की तो बाहेर काढायला ट्रॅक्टर लावावा लागतो. मी त्याला तीस वर्षं ओळखते. चर्च आटपलं की दर रविवारी आम्ही त्याच्या तळघरात जमतो, कल्पनेतल्या साहसाचा खेळ मांडतो, फासे टाकतो, राक्षस लोळवतो आणि जेवणाच्या वेळेला घरी जातो. मर्ल सूत्रधार. जग त्याचं, राक्षस त्याचे, नियमही त्याचेच. प्रत्येक पात्राचे गुण त्याच्या कागदावर आकड्यांत लिहिलेले. माझं पात्र ब्रुन्हा, खांद्यावर कुऱ्हाड, ताकद अठरा. ड्वेनचं पात्र फाल्को, भटका गवई. अंगात जोर बेताचा, पण छाप सतरा! म्हणजे त्याने तोंड उघडलं की समोरचा विरघळलाच.

आणि नेमका ह्या ड्वेनलाच ऑक्टोबरात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत. जानेवारीत त्याची बायको आर्लिस त्याला पहिल्यांदा घेऊन आली. जिन्यात बर्फाचे बूट काढता काढता ती माझ्या कानाशी लागली.

"लोर्ना, आज जमलं नाही तर हा पुन्हा यायचा नाही. फाशांची पिशवी पुतण्याला देऊन टाक म्हणतोय. डाव्या हातानं लिहून दाखवलं मला."

"न जमायला काय झालंय? मी आहे ना!" मी म्हटलं.

खेळ सुरू झाला. आम्ही दोघं, ब्रुन्हा आणि फाल्को, दोरखंडाच्या पुलावर अगदी मध्यावर, खाली दरी, आणि पलीकडच्या टोकाला एक राक्षस दोरावर सुरा टेकवून उभा. मर्लने नेहमीप्रमाणे आवाज खाली आणला. "फाल्को, काय करतोस?"

ड्वेनने डावं बोट आपल्या कागदावर ठेवलं. 'मन वळवणं.' फाल्कोची सगळ्यात तयार कला.

"बरं. मग काय बोलतोस, ते बोलून दाखव."

हा मर्लचा जुना नियम. आधी बोलायचं, मग फासा. एके काळी ड्वेन असं बोलायचा की फासा टाकायच्या आत मर्लच पाघळायचा. आजही सवयीने शब्द तोंडातून गेला आणि मर्ल कानापर्यंत लाल झाला. पण मागे घेईल तर तो मर्ल कसला!

"मी... मी..." ड्वेनचे ओठ हलले, पुढे काही येईना. मग तो गुपचूप फासे पिशवीत भरायला लागला. एकेक करून. डाव्या हाताने.

माझं डोकंच फिरलं. "मर्ल, मागच्या महिन्यात ब्रुन्हाने लोखंडी दार तोडलं. तेव्हा म्हणालास का मला, जा, गॅरेजचं दार तोडून दाखव? अरे, मला ही लोणच्याच्या काकड्यांची बरणी उघडत नाही! आत्ता तूच उघडून दिलीस! माझी ताकद कागदावरची चालते, मग त्याची छाप कागदावरची का चालत नाही?"

मर्लने बरणीकडे पाहिलं. माझ्या मनगटांकडे पाहिलं. "च्यामारी," तो म्हणाला, "तीस वर्षं मी चुकीचं खेळवतोय."

"कळलं बाई एकदाचं!"

"टाक फासा, ड्वेन. पंधरा पाहिजेत."

ड्वेनने वीस बाजूंचा फासा उचलला आणि फेकला. हाताला अंदाज कुठला यायला! फासा चिप्सच्या वाडग्यावर आपटला, उडाला आणि थेट फ्रीझरखाली गेला. मर्ल दुखऱ्या गुडघ्यांवर बसला, बॅटरी घेऊन आत डोकावला आणि किंचाळला, "वीस! अरे, वीस पडलेत!"

मी खुर्चीवरून उडालेच. मग माझी नजर भिंतीवर गेली. जमिनीवरचा फासा धरायचा नाही, हाही मर्लचाच नियम. भिंतीवर लिहून टांगलाय त्याने.

"आजच्या दिवस धरू या," मर्ल फ्रीझरखाली तोंड खुपसूनच म्हणाला.

ड्वेनने टेबलावर थाड्कन हात आपटला. "ना-ही!"

"अरे मेल्या, वीस आहेत! घे की!" मी ओरडले. पण तो मान हलवतच राहिला. त्याला दया नको होती, त्याला खेळायचं होतं. मग मीही खाली बसले.

दुसऱ्यांदा त्याने फासा सावकाश सोडला. तो गिरक्या घेत कडेपर्यंत गेला, थबकला. बारा.

"गेलं," मर्ल पुटपुटला. मी एक शिवी हासडली. ड्वेनने शांतपणे मान डोलावली आणि पिशवी ओढून घेतली.

आर्लिस कोचावर विणत बसली होती. तीस वर्षांत तिने कधी फाशाला हात लावला नव्हता. तिने वाकून नवऱ्याचा कागद पाहिला. "इथे छाप सतराच्या शेजारी अधिक तीन लिहिलंय. ते कशासाठी असतं?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघतच राहिलो. अरे देवा! एवढी छाप असली की बोलण्याच्या प्रत्येक फाशात तीन मिळवायचे. जन्मभर तीच बेरीज केली आणि आजच विसरलो, तीही तिघंच्या तिघं!

"बारा आणि तीन," मर्लचा आवाज चिरकला. "पंधरा!"

मी आर्लिसचा मुकाच घेतला. मर्ल गुडघे विसरून नाचला. राक्षसाने सुरा टाकला, ढसाढसा रडला आणि आम्हाला हाताला धरून पलीकडे नेलं. ड्वेन अर्ध्या तोंडाने हसत होता आणि डोळे पुसत होता.

"पण गड्या, असं बोललास तरी काय त्याला?" मर्लने विचारलं.

ड्वेनने विचार केला. ओठ जुळवले. आम्ही थांबलो. कुणी शब्द सुचवला नाही, कुणी घाई केली नाही.

"मो-ठं... आहे," तो म्हणाला. "पुढच्या... रविवारी... सांगतो."